कानाबाहेरची शिंगं

रविवार, ३१ ऑगस्ट

पाच दिवसांच्या गणपतीचं आज मागच्या अंगणात, बादलीत विसर्जन. आरतीला माझ्या ऑफिसमधला डर्मट आला होता. डब्लिनच्या या अख्ख्या ओंगार उपनगरात आरतीला अस्सल आयरिश माणूस फक्त आमच्याकडे. दोन टाळ्या चुकल्या त्याच्या, पण मोदक चार खाल्ले.

चूक एकच झाली. यशोधनलाही बोलावलं होतं.

यशोधन आमच्यापासून चार घरं सोडून राहतो. गेल्या हिवाळ्यात टिपरेरीच्या कुणा मित्राबरोबर जाऊन त्याने रीतसर लायसन्सवर एक हरीण मारलं आणि त्याची शिंगं टीव्हीच्या वर टांगली. तेव्हापासून लोक त्याच्याकडे चहाला जातात आणि आमच्याकडे पार्सल ठेवायला येतात.

तर आज डर्मट त्याला सांगत होता की स्लीव्ह ब्लूमच्या डोंगराखाली त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, तिथे हरणांच्या मागे जाणारा चौघांचा ग्रुप आहे, त्यातला एक ऑस्ट्रेलियाला गेला आणि एक जागा रिकामी झाली. तीन वर्षं मी सँडीफोर्डच्या ऑफिसातल्या कँटीनमध्ये डर्मटच्या शेजारी बसून डबा खातोय. माझ्याशी तो फक्त एसीबद्दल बोलतो. यशोधनला अकरा मिनिटांत सगळं सांगितलं. घड्याळ बघत होतो.

मी लगेच मध्ये पडून म्हटलं, मलाही फार इंटरेस्ट आहे. डर्मट म्हणाला, मग दोघंही या ऑक्टोबरमध्ये. ज्याची नजर चांगली त्याला जागा. पहिल्या वर्षी नवीन माणसाने बंदूक आणायची नाही, नुसतं बघायचं आणि बक कसा आहे ते सांगायचं. बक म्हणजे नर.

संकल्प: ती जागा माझी.

सोमवार, १ सप्टेंबर

मी यशोधनवर जळत नाही. हे एकदा लिहून ठेवलेलं बरं.

एका अमेरिकन माणसाचा सव्वा तासाचा व्हिडिओ पाहिला. चांगला बक कसा ओळखावा. तो म्यूल डिअर नावाच्या हरणाबद्दल बोलतो. तीन नियम काढले. शिंगं कानांच्या बाहेर गेलेली हवीत. शिंगाला खोल फाटे हवेत, आणि फाट्याला पुन्हा फाटे. टोकं मोजायची ती एकाच बाजूची. कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) दाराला आतून चिकटवलं. डाळीचा डबा काढताना आपोआप उजळणी होते.

योगिनीने विचारलं, म्यूल म्हणजे खेचर ना? म्हटलं हो, कान खेचरासारखे मोठे असतात म्हणून. मग तिने विचारलं की असली हरणं आयर्लंडमध्ये आहेत का. बायकोला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे. हरीण ते हरीण.

उद्यापासून रोज सकाळी सहाला पळणार.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

पळणं झालं नाही. पाऊस.

त्यांचा स्टीलचा डबा परत करायच्या निमित्ताने यशोधनकडे गेलो. शिंगं नीट पाहून घेतली. अडचण अशी की भिंतीवर नुसती शिंगं आणि कवटीचा तुकडा आहे, कान नाहीत. मग कानाबाहेर की कानाआत हे ठरवणार कसं? अंदाजाने कान लावून पाहिले. आतच. स्पष्ट आतच! फाटे तर नाहीतच, वरती नुसतं उलथन्यासारखं चपटं. अलकनंदावहिनींनी कॉफी दिली, तीही आज गोड लागली.

शनिवार, १३ सप्टेंबर

सरावासाठी फीनिक्स पार्क. गाडी योगिनीने चालवली, कारण माझं अजून लर्नर परमिट आहे. (टेस्टमध्ये मी नापास नाही, परीक्षकाचं आणि माझं राउंडअबाउटबद्दल मत वेगळं पडलं.)

एक्केचाळीस हरणं पाहिली. एकाच्याही शिंगाला अमेरिकन पद्धतीचे फाटे नाहीत. सगळी उलथनी. आयरिश हरणांत मुळातच काहीतरी कमी आहे, असं माझं मत बनत चाललंय.

योगिनी बाकावर बसून म्हणाली, तो मोठ्या शिंगांचा अजून पोरगा आहे, मान बघ किती बारीक. तिचे वडील फलटणला जनावरांचे डॉक्टर होते. मी शांतपणे समजावलं की बैलबाजार वेगळा आणि हे वेगळं. ती म्हणाली बरं. तिचं बरं मला कधीच आवडलेलं नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

कँटीनमध्ये डर्मटला सहज सांगितलं की अभ्यास चालू आहे, मुख्य म्हणजे शिंगं कानाबाहेर हवीत. तो बराच वेळ सँडविच चावत राहिला. मग म्हणाला, बघण्याची तीही एक पद्धत आहे. तीन वर्षांत त्याने माझं केलेलं हे पहिलं कौतुक.

लगेच पुढे म्हणाला की शुक्रवारी यशोधनबरोबर पबमध्ये गेलो होतो, काय क्रॅक होती, म्हणजे धमाल.

पबमध्ये! मला कधी पाण्याला विचारलं नाही त्याने. अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुपारच्या मीटिंगमध्ये काय बोललो आठवत नाही. माझ्याच घरी, माझ्याच गणपतीसमोर ओळख झाली यांची! मोदकही आमचेच.

संकल्प: यशोधनशी कामापुरतंच बोलायचं. (काम काही नसतंच.)

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

यशोधन सोनं द्यायला आला. आपटा इथे कुठला, त्याने कुठल्याशा कुंपणाची पानं आणली होती, तीसुद्धा माझ्या पानांपेक्षा मोठी. मी म्हटलं, सोन्यासारखा राहा. मनात जे आलं ते सणाच्या दिवशी लिहू नये.

मग त्याने विचारलं की माझ्याकडे दुर्बीण आहे का. नाही म्हटल्यावर घरी जाऊन त्याची जादा दुर्बीण घेऊन आला. जर्मन. घ्यायची नव्हती, पण नाही म्हटलं असतं तर मी जळतो असं त्याला वाटलं असतं. चांगली आहे दुर्बीण. हेच तर.

शनिवार, ११ ऑक्टोबर. दुपारी ३, डोंगरावरून आल्यावर

सविस्तर लिहितो, कारण आज माझ्याकडून जवळजवळ सगळं बरोबर झालं.

आमच्या मुक्ताला तिच्या मैत्रिणीकडे सोडून मी आणि योगिनी पहाटे निघालो. तिला सोडताना विचारलं, बाबा जिंकणार ना? ती म्हणाली, यू'ल बी ग्रँड, बाबा. अकरा वर्षांची आहे, पण पारख आहे. योगिनीला गाडीतच थांबायला सांगणार होतो, पण डर्मट म्हणाला एवढ्या थंडीत कशाला, चला सगळेच. यशोधन आधीच पोचला होता. हिरवं जॅकेट, हिरवी टोपी. मी मात्र साधा राहिलो. (माझं जॅकेट लाल आहे. डर्मटने वरून त्याचा जुना रेनकोट घालायला लावला.)

डर्मटचा नियम असा की वर गेल्यावर तोंडातून शब्द नाही. बकचं वय किती वाटतं ते बोटांनी दाखवायचं. दोनशे मीटरवर पहिला बक दिसला. वय वगैरे नंतर, मी आधी टोकं मोजायला घेतली. एका बाजूची, नियमाप्रमाणे. आपल्या नेहमीच्या पद्धतीने पेरांवर मोजली, करंगळीपासून. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर आला. पाच! तसाच हात वर धरला आणि डर्मटकडे पाहिलं.

त्याला वाटलं माझ्या हाताला गोळा आला. त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळला. मी मान हलवून सांगतोय की पाच, पाच. तो आणखी जोरात चोळतोय. मग त्याने थर्मास काढला, झाकण खणकन वाजलं आणि बक पसार. यशोधन सात बोटं दाखवून मोकळा झाला होता. साहजिकच आहे, त्याला पेरांवर मोजता येत नाही, कॉन्व्हेंटमधला.

पुढे भिंतीपाशी दोन बक. एक काय सांगू! उलथनी असली तरी शिंगं कानाबाहेर अर्धा हात. मी दोन्ही अंगठे वर केले. यशोधननेही. पहिल्यांदाच आमचं एकमत झालं. दुसरा मरतुकडा, शिंगंही तोकडी, त्याच्याकडे मी पाहिलंही नाही.

योगिनीने माझ्या गळ्यातली दुर्बीण ओढली (मीही बरोबर ओढला गेलो). शिंगवाल्यासाठी तीन बोटं दाखवली. मरतुकड्यासाठी दहा दाखवली आणि मग हात हलवला, संपलं म्हणून. खाली उतरल्यावर ती डर्मटला सांगत होती की मोठा आदत आहे, म्हणजे कोवळा, दुधाचे दात नुकतेच पडले असतील. आणि त्या दुसऱ्याची पाठ खचलीय, पोट लोंबतंय, चावता येत नसणार, हिवाळा काढणार नाही. डर्मटला आदत शब्द दोनदा म्हणून दाखवावा लागला. माझी मिनिटं खाल्ली तिने, पण परतताना गाडी तिलाच चालवायची असल्याने गप्प राहिलो.

एकंदरीत माझी बाजू भक्कम आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

विजय!

डर्मटचा मेसेज, माझ्या फोनवर: टेल योगिनी शी वॉज डेड राइट अबाउट युअर मॅन. पास्ट इट. नॉट अ टूथ लेफ्ट इन हिम.

तीनदा वाचला. योगिनीने माझ्या नकळत डर्मटला सांगितलेलं दिसतंय की यशोधनमध्ये आता काही राम नाही, आणि त्यालाही ते पटलंय. दात उरला नाही म्हणे! काय भाषा आहे! अशी बायको मिळायला नशीब लागतं. येताना तिच्यासाठी फुलं आणली. तिने विचारलं काय झालं. मी नुसतं हसलो.

मग जरा वाईटही वाटलं. यशोधनकडे जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हटलं मनाला लावून घेऊ नकोस, सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही. तो म्हणाला कशाबद्दल? म्हटलं कळेल. दुर्बीण परत द्यायचा विचार होता, पण आता मला लागणार.

बुधवार, १५ ऑक्टोबर

मेसेज मुक्ताला कौतुकाने दाखवला. ती म्हणाली, बाबा, युअर मॅन इज नॉट यशो अंकल. इट्स जस्ट, लाइक, दॅट फेला. द डीअर, बाबा.

सहा वर्षं झाली मला या देशात. कुणी सांगायला नको?

कँटीनमध्ये डर्मटने उरलेलं सांगितलं. सोमवारी त्याने त्या मरतुकड्याला मारलं. जबडा उघडून पाहिला तर दात हिरडीपर्यंत झिजलेले. अकरा वर्षांचा तरी असेल. आणि शिंगवाला? त्याला हात लावायचा नाही. चांगला बक म्हणजे जो सोडून द्यायचा तो, म्हणाला. चांगला ओळखायचाच तेवढ्यासाठी.

सव्वा तासाच्या व्हिडिओत हे कुठेही नव्हतं.

मग त्याने आवाज खाली आणून विचारलं की ती रिकामी जागा योगिनी घेईल का, आणि मी जरा तिचं मन वळवू शकेन का.

घरी येऊन आडवळणाने विषय काढला. थंडी, चिखल, रक्त, पहाटे उठणं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणाली. वडील गेल्यापासून असं काही बघायलाच मिळालं नव्हतं, म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

बायकोवर जळण्यासारखं वाईट काही नाही. शेजाऱ्यावर जळलं तर निदान घरी येऊन दार लावून घेता येतं.

खरं कारण एवढंच की तिच्याकडे पूर्ण ड्रायव्हिंग लायसन्स आहे. डर्मटने बोलून दाखवलं नाही, पण मला समजतं. टेस्टसाठी नवीन तारीख घेणार. आज वेबसाइट उघडली होती.

प्रेसच्या दाराचा कागद तिने काढून टाकलाय. तिथे आता हरणाच्या जबड्याचं चित्र आहे.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी, सकाळी ११

ती साडेपाचला गेली. जाताना सांगून गेली की चिवडा करून ठेव, पोहे मंद आचेवर भाज. दुर्बीण तिच्या गळ्यात. तिला ती माझ्यापेक्षा शोभते, हे मान्य करायला काही हरकत नाही, कुणी वाचत नाहीये.

शेंगदाणे करपले. दुसरे घेतले.

दहाला यशोधन आला. त्याला कळलं होतं. ओट्यापाशी बसला आणि परातीतला गरम चिवडा खाऊ लागला. मी टोमणा तयार ठेवला होता, पण त्याने स्वतःच सांगितलं. पबमध्ये त्याने डर्मटला आपल्या शिंगांचा फोटो दाखवला होता. डर्मट म्हणाला, याला मारायला नको होतं, पोरगं होतं ते. तेव्हापासून टीव्ही लावला की नजर वर जाते म्हणे. काढून ठेवावीत तर सगळे विचारतील.

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला.

मग म्हणाला, गिरीश, तू नशीबवान आहेस. घरात एवढी नजर असलेलं माणूस आहे तुझ्या. मला खरंच तुझा हेवा वाटतो रे.

हे वाक्य ऐकायला मी वर्षभर जीव टाकत होतो. तो गेल्याबरोबर वही काढली, तारीख टाकली, वेळ टाकली. यशोधन माझ्यावर जळतो, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. पुढे कारण लिहायला पेन टेकवलं आणि बराच वेळ तसंच धरून बसलो.

एवढ्यात योगिनीचा फोन. आवाजावरून खूश होती. उशीर होईल म्हणाली, तोवर चकलीची भाजणी मळून ठेव, पाणी कडकडीत घाल.

कारण राहू दे. भाजणी मळायची आहे.