बेशुद्ध पडण्यातील माझे अपयश

पुणे, रविवार

आयुष्मती आम्रपालीताई यांस,
सविनय जयभीम.

आपल्या गुडघ्यांचे दुखणे आणि नांदेडचा उकाडा, दोन्ही उतरले असावे अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. भात मात्र अजून कधी खिरीसारखा, तर कधी खडीसारखा होतो. हिरा गेल्यापासून मी आपला एकही फोन उचललेला नाही, ही आपली तक्रार माझ्या कन्येकडून समजली. कारण एवढेच की हल्ली मला ऐकू कमी येते. म्हणून हे पत्र. (तिच्या नावामागे 'कालकथित' लिहावयास हवे, हे मी जाणतो. शब्द बरोबर आहे; हात तयार होत नाही.)

आता माझी एक फजिती कळवितो. आमच्या वरच्या मजल्यावरील डॉ. अभय हे इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात नव्या डॉक्टरांना शिकवितात. हल्ली हे शिक्षण केवळ पुस्तकांतून होत नाही. खोटा रुग्ण खाटेवर निजवून खरी धावपळ करतात आणि मागाहून सारे बसून कोणाचे काय चुकले ते मोकळेपणाने बोलतात. (आमच्या कार्यालयात ही पद्धत असती, तर दुसरे कामच झाले नसते.) "काका, दिवसभर घरात बसून करता काय? आमच्याकडे येऊन बेशुद्ध पडा," असे ते म्हणाले. इतके स्पष्ट आमंत्रण मला प्रथमच आले.

पहिल्या फेरीत मी उत्कृष्ट बेशुद्ध होतो. डॉ. शेफाली (वयाने माझ्या मुलीहून लहान) यांनी माझे दोन्ही खांदे थोपटून "सर! सर! आर यू ओके?" असे विचारले. मी ढिम्म. मग त्यांनी श्वास पाहिला, मदतीस हाका मारल्या आणि छाती दाबण्यासाठी माझ्या जागी रबरी पुतळा आणविला. (तो सराव जिवंत छातीवर करीत नाहीत, याची खात्री मी आधीच करून घेतली होती.) तेथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु चर्चेत मी उठून म्हणालो, मार्केट यार्डातून आणलेल्या एखाद्या हमालाला आयुष्यात कोणी 'सर' म्हटलेले नसते. ही हाक आपल्यासाठी आहे हे त्याला कळावे कसे? "मग काय म्हणू, काका?" असे डॉ. शेफालींनी विचारले. मीच सुचविले: "अहो, ऐकलंत का?"

दुसरी फेरी. त्यांचा आवाज मुळात नाजूक, त्यात यंत्रांची टिवटिव. खांद्यावर हात पडला, "अहो, ऐकलंत का?" झाले, आणि मी "आलो, आलो" म्हणत उठून बसलो व पायांनी चपला शोधू लागलो. डॉ. शेफाली किंचाळल्या. एक डॉक्टर सलाईनच्या स्टँडसकट मागे सरकले. मला पुन्हा निजविण्यात आले. पुन्हा "अहो", आणि माझ्या तोंडून, "दूध उतू गेलं का?" सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. तिसऱ्या वेळी मात्र दात आवळून पडून राहिलो. ओ दिली नाही. तेव्हा अभय खाली वाकून हळूच म्हणाले, "काका, बेशुद्ध माणूस रडत नाही."

त्या फेरीवर चर्चा झाली नाही. डॉ. शेफालींनी चहा आणला, न विचारता दोन चमचे साखर घातली आणि म्हणाल्या, "काका, मी आपली 'सर'च म्हणते हं." मी म्हणालो, "नको. मराठीच बरोबर आहे." पुढील शनिवारपासून माझी नेमणूक पोटदुखीच्या, पूर्ण शुद्धीवरील रुग्णाच्या जागी झाली आहे. ही बढती की पदावनती, ते आपणच ठरवावे.

घरातील थोरांना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सुखदेव

ता. क. : कानांविषयी वर लिहिले ते खरे नाही, हे एव्हाना आपल्या ध्यानी आले असेल. फोनवर आपणा दोघी बहिणींचा, आपला आणि हिराचा, आवाज एकच लागतो. आपण "अहो भाऊजी" म्हणता, आणि पहिला शब्द संपून दुसरा येईपर्यंत माझे काही खरे नसते. येत्या रविवारी फोन करावा, मी उचलीन. विनंती इतकीच, की आधी 'भाऊजी' म्हणावे, 'अहो' नंतर.

आणखी ता. क. : 'भाऊजी अहो' हे लिहून पाहिले; कानाला बरे वाटत नाही. तेव्हा आपण नेहमीप्रमाणेच बोलावे. मध्ये थोडे थांबलात तरी चालेल.