काड्यांची वही

ता. ४, सोमवार

सिस्टर, आधीच सांगून ठेवते, मला हे लिहिणं पसंत नाही. तुम्ही वही हातात ठेवलीत, रोज लिहा म्हणालात आणि पुढच्या पेशंटला हाक मारलीत. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. ह्यांची फाइल उशीएवढी जाड झाली, तरी दर वेळी नवा डॉक्टर मलाच विचारतो, काय झालं होतं? तोंडाचा कॅन्सर झाला होता, साहेब. किरणांचा शेक तुम्हीच दिलात. दोन वर्षांपूर्वी रोग गेला म्हणून सगळ्यांनी हात मिळवले आणि आम्हाला घरी धाडलं. मग ह्यांची थुंकी आटली, चव गेली, डाव्या कानाचं ऐकणं गेलं, आणि जबडा असा आवळला की चमचा आडवा जाईना. दोन वर्षं नळीने पातळ घालते आहे. ते कुणी मोजायचं? तर मी. बरं.

आज नव्या घरात आलो. हे मात्र झकास झालं. तळमजला, जिना नाही, तुमचा दवाखाना चालत सात मिनिटांवर. खिडकीशी माझं शिलाई मशीन बसलं, जागा मापून ठेवल्यासारखी. ह्यांचं बोलणं कुणाला कळत नाही, म्हणून गळ्यात पाटी असते. पाटीवर लिहिलं, हवालदारांना चौकी मिळाली. मला हवालदार म्हणतात, लग्नाच्या आठव्या दिवसापासून. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते, तुमच्याच लाँड्रीत चादरी धुते. दर गुरुवारी वही तिच्या हाती द्यायची, शुक्रवारी ती परत आणणार.

आइस्क्रीमला असतात तशा लाकडी काड्यांची पन्नासची जुडी घेतली. तुम्ही दाखवलंत तसं एकावर एक रचून दातांच्या फटीत सरकवल्या. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा.

काड्या: सहा.

ता. ६, बुधवार

काड्या घालताना हे मशीनची कड धरून बसतात. डोळ्यांतून पाणी गळतं, पण हू की चू नाही. मी समोर बसून बटणं लावते, घड्याळ बघते. ह्यांच्याकडे बघितलं तर हात थांबतो, म्हणून बटणांकडे बघते.

तुम्ही म्हणालात आठवड्याला एक काडी वाढवा. त्या हिशोबाने केळं खायला पुढचं वर्ष उजाडेल. माझ्याने नाही व्हायचं. मी आज एक वाढवली, उद्या एक वाढवणार. ह्यांनी लिहिलं, हवालदार मारतो पण चांगल्यासाठी. मी म्हटलं, गप्प बसा आणि तोंड उघडा.

काड्या: सात.

ता. ८, शुक्रवार

वही परत आली. पानावर लाल टिक आणि ‘छान’ एवढंच. आठवड्याला एक सांगितली असताना रोज एक घालते, हे मी सरळ लिहिलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून तयारीत होते. वाचलंत ना?

काड्या: नऊ.

ता. ११, सोमवार

बारा.

सिस्टर, ह्यांनी केळं खाल्लं. तुकडे केले नाहीत, कुस्करलं नाही, सोलून हातात दिलं आणि ह्यांनी दातांनी तोडलं. चव नाही म्हणे, पण चावल्याचा आवाज डोक्यात ऐकू येतो, तेवढं पुरे आहे. मी रडले नाही. मशीनला तेल घालत होते, ते डोळ्यात गेलं.

आता दुखतही नाही असं लिहितात. आतून कुणीतरी गाठ सोडल्यासारखं वाटतं म्हणे.

ता. १४, गुरुवार

पंधरावी घालायला गेले तर अठरा बसल्या. तीन जास्तीच्या. मी काही जोर लावला नव्हता.

खाणं सुटलंय ह्यांचं. सकाळी चार उकडलेले बटाटे, दुपारी अख्खी पावाची लादी, मग पुन्हा भूक. मी हौसेने करून घालते. दुपारी औषधाच्या दुकानात काट्यावर उभं केलं. मागच्या आठवड्यात सेहेचाळीस होते, आज चव्वेचाळीस. दुकानदार म्हणाला, काटा बिघडला असेल. मी चढून बघितलं. काट्याला काही झालेलं नाही, मी आहे तेवढीच आहे.

जुडीत सत्तेचाळीस काड्या आहेत. ह्यांच्यावर खेकसले, कुठे टाकता? पाटीवर शपथ लिहून दिली. गादीखाली बघितलं, मशीनखाली बघितलं. नाहीत.

ता. १५, शुक्रवार

टिक. ‘छान. चालू ठेवा.’

ता. १८, सोमवार

आज मी माझ्याच तोंडात काड्या घालून बघितल्या. मी धडधाकट बाई, जांभई दिली तर शेजारच्या घरात कळतं. माझ्या एकवीस बसल्या. बाविसावीला कानाशी कळ आली.

ह्यांच्या चोवीस. आणि अजून जागा आहे.

जुडीत बेचाळीस. ह्या खेपेला मी डोळे मिटले नव्हते, सिस्टर. बटणंही लावत नव्हते. चोवीस घातल्या, बाहेर काढल्या तेव्हा बावीस होत्या. गिळल्या म्हणाल तर गळा हलला नाही. खोकला नाही, ठसका नाही.

मग एक खुळचट गोष्ट केली. सुईतला दोरा ह्यांच्या तोंडासमोर धरला. माणूस श्वास घेतो तेव्हा दोरा आत जायला हवा, सोडतो तेव्हा बाहेर. ह्यांची छाती वरखाली होत होती. दोरा आतच जात राहिला. एकदाही बाहेर आला नाही.

ता. २०, बुधवार

तुमच्याकडे येऊन गेलो. तुम्ही सुट्टीवर. अडीच तास बाकावर बसून होतो. पुन्हा नवा डॉक्टर, पुन्हा काय झालं होतं. त्याने बॅटरी मारून बघितलं, नवा फोटो काढला, आत काही दिसत नाही म्हणाला, अगदी स्वच्छ. तोंड इतकं उघडलं याचा आनंद माना, बाकीचे पेशंट वर्षानुवर्षं रडतात. वजनाचं विचारलं तर म्हणाला, खायला घाला. मी पिशवीतून दोरा काढला. तेवढ्यात त्याने घंटी वाजवली.

एक मात्र लिहिते. बॅटरी मारताना तो दोनदा मागे सरकला. आणि नंतर माझ्याकडे न बघता कागदावर लिहीत राहिला.

वजन एक्केचाळीस. तोंड सत्तावीस काड्यांएवढं उघडतं. मी घातल्या चोवीसच.

ता. २१, गुरुवार

सकाळचे दहा वाजलेत. ऊन मशीनवर आलंय. सगळं लखलखीत दिसतंय, म्हणजे मला भास झाला असं म्हणू नका.

आज काडी माझ्या चिमटीतून आत ओढली गेली. मी मागोमाग दोन बोटं घातली. लागली नाही. मूठ घातली. जीभ लागली, पडजीभ लागायला हवी तिथे काही नाही. मनगट गेलं. ह्यांचे डोळे माझ्याकडे, मोठे झालेले, पण गुदमरत नव्हते. कोपरापर्यंत गेला हात. चाळीस किलोचा माणूस, सिस्टर, माझा हात एवढा मावेल कुठे त्यांच्यात?

तिथे थंड आहे. आणि तिथे काड्या आहेत. पडलेल्या नाहीत. एकावर एक रचलेल्या, काठ जुळवून, मी रचते तशाच. खाली टेकवलेल्या, वर टेकवलेल्या. मी चाचपून मोजल्या. आठ.

माझं बोट आठवीवर होतं तेव्हा पलीकडून नववी सरकवली.

मी हात काढला. ह्यांनी पाटी ओढून घेतली, अक्षर वेडंवाकडं. कुणीतरी उघडतंय, तुझ्याबरोबर.

मी रोज इकडून एक घालत होते. तिकडून कुणाला तरी तेच हवं होतं.

वही घरमालकिणीकडे देते. ती म्हणाली, हात धू आधी. सिस्टर, आज तरी वाचा.

ता. २२, शुक्रवार

टिक. तुमची टिक माझ्या कोपरापर्यंत गेलेल्या हाताच्या ओळीवर आहे. ‘छान.’

फोन लावला, दुपारपर्यंत वाजत राहिला.

काड्या घालणं बंद केलं. जुडी वर कपाटात ठेवायला घरमालकिणीच्या हाती दिली. तिने कारण विचारलं नाही. ह्यांच्याकडे बघितलं आणि जिना चढून गेली.

ता. २३, शनिवार

मी काही घातलं नाही. तरी तोंड मिटत नाही. टेप लावून मापलं, कालच्यापेक्षा अर्धं बोट जास्त. जीभ सुकून चामड्यासारखी झालीय. दर पाच मिनिटांनी ओला कपडा लावते. कपडा घट्ट धरावा लागतो, नाहीतर—

खायला मागत नाहीत आता. मीच केळं समोर धरलं तर हात जोडले.

ता. २४, रविवार

पाटीवर लिहिलं, हे तोंड बंद कर. मी म्हटलं, बंद झालं तर पुन्हा नळी, पुन्हा पातळ, आयुष्यभर. दोन वर्षं ज्या घासाची वाट बघितली तो पुन्हा नाही. लिहिलं, चालेल. मग लिहिलं, मला तू दिसतेस तेवढं पुरे, घास नको.

माझीच घाई. आठवड्याला एक म्हणाला होतात.

ता. २५, सोमवार

ओठांचे कोपरे फाटलेत. रक्त येत नाही, आत जातं. दोरा धरायची गरज नाही, खिडकीचा पडदाही तिकडे झुकतो—

वजन अडतीस. उचलून नेलं काट्यावर. दुकानदाराने तोंडावर टॉवेल टाका म्हटलं, गिऱ्हाइकं आहेत. टाकला. टॉवेल—

ह्यांनी माझं मनगट धरून ठेवलंय. डावं धरलंय, उजव्या हाताने मी लिहिते.

ता. २६, मंगळवार

घरमालकीण आजच वही नेते म्हणाली, गुरुवारची वाट बघायला नको. दारात उभी आहे, आत येत नाही.

सिस्टर, टिक नको. रिकामी टिक आली तर मी ही वही घेऊन तुमच्या टेबलावर चढेन.

मला एवढंच सांगा. आतल्या नऊ काड्या मी हात घालून ओढून काढू का? काढल्या तर जबडा एकदम मिटेल. माझा हात आत असताना मिटला तरी चालेल, हात गेला तर दुसऱ्या हाताने शिवेन. पण हे वाचतील का? आणि नाही काढल्या तर तोंड किती उघडल्यावर थांबणार, ते तरी सांगा. तुमच्या पुस्तकात काही आकडा असेल.

हे मान हलवतात, हो, काढ. पाटी खाली पडलीय, उचलायला वाकता येत नाही, मनगट सोडत नाहीत.

गुरुवारपर्यंत उत्तर पाहिजे. गुरुवारी संध्याकाळी नाही, सकाळी दहाच्या आत. हो किंवा नाही. उत्तर आलं नाही तर मी माझ्या मनाने हात घालणार, मग मला विचारायला येऊ नका. गुरुवारच्या पुढे मला थांबता येणार नाही, कारण पलीकडे जो आहे त्याच्या काड्या संपल्यात सिस्टर, आणि आज सकाळपासून खालच्या दातांवर, आतल्या बाजूने, त्याने बोटं—