कलकत्त्याहून आलेली सहा मडकी

मौजा डोहटोली, आरमोरीजवळ,
जिल्हा चांदा.
पोळ्यानंतरचा सोमवार, सन १९५७

तीर्थस्वरूप बापूजीभाऊ यांस,

नदीच्या वरच्या अंगाकडून तुमच्या अन्नपूर्णेचा घरधनी मुखरू याचा रामराम. आमच्याकडं सगळे धडधाकट आहेत, तुमच्याकडंही तसंच असावं. तुमच्या गुडघ्याला बिब्बा उतला असं ऐकलं. भाऊ, बिब्बा दुखऱ्या जागी लावायचा असतो, तुम्ही म्हणे सगळ्या पायाला लावला. इंदिरावहिनींच्या खोकल्यावर अन्नपूर्णा अडुळशाचा काढा सांगते, मी म्हणतो चुलीजवळ कमी बसावं. दोघांचंही कोणी ऐकणार नाही हे आम्हांला ठाऊक आहे, पण लिहिलेलं बरं.

पत्र थोडं लांबेल. वर्षभर तुम्ही इकडं फिरकला नाहीत (काऊन फिरकला नाहीत ते मी विचारत नाही), म्हणून मुळापासून लिहितो. गेल्या सालच्या उन्हाळ्यात सडकेच्या ठेकेदाराची माणसं आमच्या डोहावर आली आणि दगड फोडायची सुरुंगाची दारू त्यांनी पाण्यात टाकली. आवाज एवढा झाला की सुकरीआजीला वाटलं, आभाळाचं काहीतरी तुटलं. मोठे मासे त्यांनी पोत्यात भरून नेले आणि बोटाएवढे होते ते उताणे तरंगत राहिले. आठ दिवस घाण सुटली होती. बायांना पाण्यासाठी पाऊण कोस वरच्या झऱ्यावर जावं लागलं, आणि आमची ढिवरांची चौदा घरं जाळी खुंटीला टांगून बांबू तोडायला जंगलात गेली. मी त्या टोळीच्या मुकादमाला जाब विचारला. तो म्हणाला, "नदी सरकारची आहे. तुह्या नावाचा कागद असन त दाखव." माझ्याजवळ कागद नव्हता. भाऊ, मी चौथी पास माणूस, आणि कागद नाही म्हणून गप्प बसलो, हे मला फार लागलं.

मग मी गाव जमवलं. सभेत तीन गोष्टी ठरल्या: दोन वर्षं डोहात जाळं नाही, काठावर करंज आणि जांभूळ लावायचे, आणि डोहाची राखण गावानं करायची असा सरकारचा कागद आणायचा. कागदाचं काम माझ्याकडं आलं (सभा मीच बोलावली होती, त्यामुळं दुसऱ्या कोणाकडं जाण्याचा संभव नव्हता). अर्ज मी नागपूरला पाठवला. तो पोचायच्या सुमारास राज्यच बदललं आणि आम्ही मुंबई राज्यात गेलो. अर्ज मात्र नागपुरातच राहिला असावा. दुसरा अर्ज मी आपल्या विकास गटाच्या साहेबांच्या हातात नेऊन दिला. माणूस भला निघाला. डोह पाहायला स्वतः आला, धोतर भिजेपर्यंत पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, गाव राखणार असेल तर सरकार पाठीशी आहे. डोह मोकळा झाला आहे, तर कलकत्त्याहून रोहू-कतल्याची पिल्लं मागवून देतो, पैसे लागणार नाहीत, फक्त गोंदियाच्या स्टेशनावरून तुम्ही स्वतः आणा. मी लगेच म्हटलं, आणली समजा. साहेबांनी विचारलं, जमेल ना? मी म्हटलं, साहेब, आमचा जन्म माशांत गेला. (जन्म मेलेल्या माशांत गेला आणि जिवंत मासे नेणं वेगळं, हे मला तेव्हा सुचलं नाही.)

सोबतीला मी पोचूला घेतलं. तुम्ही म्हणाल, तो कुणबी, त्याला माशांतलं काय कळतं? खरं सांगायचं तर सभेत एकटा तोच अडून बसला होता. दरसाल तो आपली अंबाडी डोहात भिजवतो. पंधरा दिवस ती तिथं कुजते, मग वाख निघतो, त्याचे दोर आरमोरीच्या बाजारात जातात. अंबाडी कुजली की डोहाचं पाणी काळं पडतं. सभेनं ते बंद करा म्हटलं, तर तो म्हणाला, माझ्या बापापासून चालत आलं आहे, ढिवरांच्या माशांसाठी मी दोर सोडू काय? माणूस वाईट नाही, फक्त ऐकत नाही. मला वाटलं, दोन दिवस माझ्यासोबत राहिला तर मी त्याला पटवीन. सगळं गाव म्हणालं, त्याला नको नेऊ. म्हणूनच नेला.

गोंदियाला मासळी खात्याच्या माणसानं सहा मडकी आमच्या स्वाधीन केली. आत जिऱ्याहून थोडी मोठी पिल्लं, नुसती वळवळ. तो म्हणाला, मडक्यात हात घालून पाणी सारखं हलवत राहा. हात थांबला की पाण्यातली हवा सरते, आणि हवा सरली की पिल्लं गेली. वाटेत एकदा पाणी बदलून तळ्याचं स्वच्छ घाला, नळाचं घालू नका. मी म्हटलं, एवढंच ना? सहा मडकी आणि आमचे दोघांचे मिळून चार हात, हा हिशेब गाडीत बसल्यावर माझ्या ध्यानात आला. तुम्हाला ती वडशाची छोटी गाडी माहीत आहे. डब्यात माणसं, कोंबड्या, लग्नाची भांडी, आणि मधे आमची मडकी. मी दोन हलवली, पोचूनं दोन हलवली, उरलेल्या दोन मडक्यांसाठी आम्ही आलटून पालटून धावत होतो. पोचू सारखं पुटपुटत होता, की बैल पाजायला मी एवढा वाकत नाही. एका म्हाताऱ्यानं तहान लागली म्हणून मडक्यात लोटा बुडवला आणि तोंडाला लावला. घोट घेतल्यावर म्हणाला, पाणी गोड आहे, पण जिभेवर चालून राह्यलं. आम्ही त्याला काही सांगितलं नाही. वयस्कर माणूस होता.

आता पुढचं जे लिहितो त्यात माझी चूक नाही, हे आधी सांगतो. एका लहान स्टेशनावर (नाव लिहीत नाही, तिथला मास्तर अजून रागावलेला असेल) गाडी बराच वेळ थांबते असं मला कळलं. मी बादली घेऊन जवळच्या तळ्यावर गेलो. घाटावर बाया कपडे धूत होत्या, साबणाचं पाणी कसं न्यावं? म्हणून पलीकडं जाऊन स्वच्छ पाण्यात उतरलो. तिथं शिंगाड्याचे वेल होते. त्यांचा धनी, झाडू नावाचा एक धिप्पाड माणूस, काठावरून धावत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. वेल तोडून राह्यला काय, असं विचारलं. मी त्याला समजावलं, की मी सरकारी कामावर आहे, माझ्याजवळ कलकत्त्याचे मासे आहेत. तो बादलीत डोकावला. बादलीत मासे नव्हते. तो म्हणाला, कागद दाखव. भाऊ, कागद होता, यावेळी होता, साहेबांच्या सहीशिक्क्याचा होता, पण तो गाडीत पोचूच्या पिशवीत होता. आणि तेवढ्यात शिट्टी झाली.

मी धावलो. ती गाडी कोणालाही धावत गाठता येते असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. भरलेली बादली घेऊन तर नाहीच. गाडी वळणाआड गेली आणि मी रुळावर उभा. मासे आणायला निघालेला मी, मडकी पोचूच्या हवाली करून बसलो होतो. ज्या माणसाला मासे मेले काय नि जगले काय सारखंच, त्याच्या! चौदा घरांनी जाळी टांगून ठेवली होती ती माझ्या शब्दावर. झाडूला माझी दया आली असावी. त्यानं मला मूठभर पोहे दिले आणि वडशाकडं निघालेल्या बांबूच्या ट्रकवर बसवून दिलं. वाटभर मी एकच विचार करत होतो, की गावात शिरताना कोणत्या वाटेनं शिरावं.

दिवस मावळायला आला तेव्हा वडशाला पोचलो. फलाटावर गर्दी होती. मला वाटलं, कोणाला साप चावला. आत घुसलो तर काय, मधे सहा मडकी आणि प्रत्येक मडक्याला एक माणूस. एक हवालदार टोपी काढून कोपरापर्यंत हात बुडवून बसला होता. एक बांगडीवाला, लग्नाची भांडी नेणाऱ्या दोन बाया, स्टेशनचा हमाल, आणि मधोमध पोचू. पागोटं सुटलेलं, अंगरखा चिंब, आणि तो हवालदाराला दरडावत होता, की हात थांबवू नोका. हवालदार हो म्हणत होता. नंतर लोकांनी सांगितलं, की पोचूनं सगळ्या डब्याला कामाला लावलं होतं. पुढच्या तळ्याच्या स्टेशनावर गार्डाला विनवून गाडी थांबवून ठेवली, स्वतः पाणी बदललं, आणि वडशाला बाया उतरायला लागल्या तर त्यांच्या भांड्यांचं बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्यांना मडक्यांसकट उतरवलं.

मी जवळ बसलो. म्हटलं, आता तू ऊठ, मी हलवतो. तो उठला नाही. त्यानं खिशातून पळसाचं पान काढून उघडलं. आत मूठभर पिल्लं होती, मेलेली.

"भाकर खात होतो," तो म्हणाला. "घडीभर हात थांबला माह्या. घडीभरच. एवढे मेले."

मी म्हटलं, एवढी तर जातातच.

तो पानाकडं पाहत म्हणाला, "दरसाल अंबाडी टाकतो मी डोहात. तवाबी असेच उताणे होत असतीन ना रे, मुखरू?"

भाऊ, दोन दिवसांत त्याला पटवायचं म्हणून मी चार भाषणं तयार केली होती. त्यांतलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी पाण्यात हात घातला.

वडशाहून गावापर्यंत बैलगाडीनं आलो. चिखलात चाक रुतलं, एक मडकं तडकलं. पोचूनं त्यातली पिल्लं आपल्या नव्या पागोट्यात गाळून दुसऱ्या मडक्यात घातली. ते पागोटं पोळ्यासाठी घेतलेलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब जीपनं आले. सगळं गाव डोहावर जमलं, पिल्लं पाण्यात सोडली. साहेब दोन शब्द बोलले, मी बरेच बोललो. काठावर साठ रोपं लागली. पोचूनं त्याच आठवड्यात नदीपासून दूर, आपल्या बांधाखाली अंबाडीसाठी खड्डा खणला, आणि गावातले बाकीचे अंबाडीवाले आता त्याच्याच खड्ड्यात भारे टाकतात. ज्यानं नदीत टाकला त्याला तो माझ्याहून मोठ्यानं रागावतो. एवंच, काम फत्ते झालं आहे. तुम्ही तिकडं लोकांना अभिमानानं सांगायला हरकत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
मुखरू

ता. क. एक लहानशी गोष्ट वर लिहायची राहून गेली. पिल्लं सोडली त्याच्या तिसऱ्या दिवशी नदीला पूर आला. सुकरीआजीनं सोडायच्या दिवशीच म्हटलं होतं, की पाणी उतरू द्या, हे पोट्टे घर ओळखत नाहीत. पण साहेबांची जीप आली होती, आणि माझं भाषण तयार होतं. पूर दोन दिवस राहिला. आता आमच्या डोहात आम्ही रोज पाहतो. पाणी फार स्वच्छ आहे, तळ दिसतो, आणि तळच दिसतो. पिल्लं खाली गेली असावीत. भाऊ, आमच्याखाली तुमचा घाटटोल्याचा डोह आहे.

दुसरं ता. क. साहेबांना हे सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मुखरू, नदी एका गावानं राखता येत नाही, खालच्या गावानं सही केली तर कागद दोन्ही गावांच्या नावानं काढतो. मी म्हटलं, खालचं गाव माझ्या साळ्याचं आहे, ते केव्हाच तयार आहेत. सोबत कागद पाठवत आहे. तुमच्या अंगठ्यासाठी जागा सोडली आहे, तिथं मी पेन्सिलीनं फुली केली आहे. दोन वर्षं जाळं बंद, सुरुंग बंद, अंबाडीला खड्डा, एवढंच आहे त्यात. मागच्या साली जाळ्यांच्या हद्दीवरून आपलं जे झालं त्यात तुमचं बरोबर होतं, हे मी आता लेखी देत आहे. पुढचं पीक दोघांचं.

तिसरं ता. क. पत्र घेऊन पोचूच येत आहे. मीच येणार होतो, त्यानं ऐकलं नाही. तुमचा अंगठा होईपर्यंत तो तुमच्या डोहावर बसून राहणार आहे म्हणतो, तेव्हा लवकर द्या, इकडं त्याचं धान निंदायचं पडलं आहे. त्याला पोटभर जेवू घाला, माणूस मोठा झाला आहे. पण त्या दिवशी घरात मासे शिजवू नका. आणि आधीच शिजले असतील, तर ते कुठले, हे तो विचारल्याशिवाय राहणार नाही. त्याला सांगा, तळ्यातले आहेत. मला मात्र खरं कळवा.