कागदापुरती सही

रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

आज घरात आलो. घर अजून माझे झालेले नाही, पण चाबी माझ्या खिशात आहे आणि मी ओसरीत उन्हात पाय पसरून हे लिहीत आहे. असे बसायला मिळेल असे कधी वाटले नव्हते.

सगळे व्यवस्थित लिहून ठेवतो. मानकापूर, कोराडी रोडपासून आत चालत सहा मिनिटे. पुढे ओसरी, मध्ये दोन खोल्या, मागे एक लहान खोली. छत कौलारू, त्यातले एक्केचाळीस कवेलू फुटलेले. परसात विहीर आणि जांबाचे झाड. मागच्या खोलीची खिडकी वीतभर आहे आणि दाराला कडी बाहेरून आहे. ती आतून करून घ्यावी लागेल.

रजिस्ट्रीला महिना लागेल. घर अजून रुखमाबाईंच्या मेलेल्या यजमानांच्या नावावर आहे, महादेवराव भोयर. फेरफार झाल्याशिवाय विक्री होत नाही. पण रुखमाबाई सक्करदऱ्याला बहिणीकडे जाणार आणि रिकामे घर खराब होते, म्हणून त्यांनी ताबा आधीच दिला. मलाही घाई आहे. इंदोऱ्याला आमच्या दोन खोल्यांत नऊ माणसे. सुभद्रा बाळंतपणासाठी सावनेरकडे माहेरी गेली ती तिथेच आहे, मुलगा सव्वादोन महिन्यांचा झाला आणि मी त्याला दोनदाच पाहिले. त्या दोघांना आणायचे ते आपल्या घरात, असे ठरवले आहे. रजिस्ट्री झाली की आणीन.

ताबापावती मीच लिहिली. सातवीत शाळा सुटली, पण शुद्धलेखन मी सुटू दिले नाही. खाली 'ताबा देणार' लिहून थांबलो. रुखमाबाई अंगठा लावतात, पण घर त्यांच्या नावाचे नाही. त्या म्हणाल्या, "घर त्याच्या नावाचं, तं सही बी त्याचीच लागन. तुमचं अक्षर चांगलं हाय. करून टाका गा, कागदापुरती."

मला बरे वाटले नाही. पण त्यांनी महादेवरावांचा एक जुना अर्ज काढून दिला, आणि करायचेच तर नीट करावे म्हणून मी ती सही रद्दी कागदावर दहा-बारा वेळा गिरवली. 'महादेव गनपत भोयर.' बापाच्या नावात न. माझा हात तिथे प्रत्येक वेळी अडला. पण ण काढला असता तर ती त्यांची सही झाली नसती. शेवटी पावतीवर अगदी हुबेहूब उतरली. रुखमाबाईंनी बोट लावून पाहिले आणि म्हणाल्या, हो, हाच त्याचा हात.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

सकाळी सव्वासहाची बस, आठ ते पाच कोराडीच्या वीज केंद्रावर ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये मजुरांची हजेरी, परत बस. केसांत राख असते. तरी येताना पंधरा कवेलू आणले आणि उजेड होता तोवर बदलले. अंग फार दुखते. पण हे दुखणे आपल्या घराचे आहे.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

आज लाज वाटावी असे झाले. हजेरीत मी 'नारायन' लिहिले. पुढे 'क्रिष्ना', त्याच्या खाली 'गनपत'. चार वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड नाही. हेडक्लार्क मधुकररावांनी वही सगळ्यांसमोर उचलून धरली. म्हणाले, "काय गा गुणवंत, ण संपला काय बजारात? का घर घेतलं म्हणून काटकसर चालू हाय?" सगळे हसले. मीही हसलो.

शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी माझे नाव 'गुनवंत' लिहिले होते. तुमच्यात असेच म्हणतात ना, असे वर म्हणाले. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पुढे तो दाखला दुरुस्त करून घ्यायला मी तीन वेळा शाळेत गेलो. ण हे माझ्यासाठी नुसते अक्षर नाही.

झोप पुरत नाही म्हणून झाले असेल.

सोमवार, २० नोव्हेंबर

काल सुटी. जेवून ओसरीत दुपारी आडवा झालो. उठलो तेव्हा उजव्या हाताच्या बोटांना शाई होती. पेन खिशात बंद होते. पोस्टाच्या पाकिटांतले एक कमी आहे. मी सहा आणली होती, दोन आईला दिली, तीन उरली आहेत.

पाकीट हरवू शकते. शाई गळू शकते. थकलेला माणूस चुकतो.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

आज लिहिताना हाताकडे पाहत होतो. 'पाणी' लिहायचे मनात होते. हात 'पानी' लिहून पुढे गेला. मी खोडले आणि जोर लावून ण काढला. मनगट दुखले, कोणी धरून ठेवल्यासारखे. मग मुद्दाम शंभर वेळा ण काढायला बसलो, शाळेत शिक्षा असते तसे. एकोणीस नीट आले. विसाव्यापासून न, न, न, तिरपा, घाईचा, शेपूट लांब ओढलेला. ते वळण मला माहीत आहे. मीच ते गिरवले होते.

आईला सांगता येत नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातून भूतखेत, अंगात येणे, लिंबू उतरवणे सगळे गेले. आई अजून अभिमानाने सांगते. मीही ते मानत नाही. मग जे होते आहे त्याला म्हणायचे काय, तो शब्द माझ्याकडे नाही.

रविवार, २६ नोव्हेंबर

सक्करदऱ्याला गेलो. रुखमाबाईंनी चहा दिला. मी सांगितले, तुमच्या यजमानांचे अक्षर माझ्या हातातून जात नाही. त्या हसल्या नाहीत. पदराचे टोक दुमडत थोडे थोडे बोलल्या.

मुलगा भिलाईला नोकरीला. सून आणि तान्हा नातू मानकापूरच्या घरात. सुनेला नवऱ्याकडे जायचे होते. महादेवराव म्हणाले, नातू घर सोडून जाणार नाही. मे महिना होता. त्यांनी दोघांना मागच्या खोलीत घातले आणि बाहेरून कडी लावून कुलूप घातले. तीन दिवस. रुखमाबाई खिडकीतून पाणी देत. चाबी त्यांच्याजवळ नव्हती आणि हाका मारायची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी लेकरू रडायचे थांबले.

सून गेली, मुलगा पुन्हा आला नाही. पुढच्या वर्षी महादेवरावांना लकवा झाला, उजवे अंग आणि जीभ गेली. दोन वर्षे ओसरीत पडून डाव्या हाताने खुणा करीत, कागद आण, पेन आण. सुनेला पत्र लिहायचे होते. घरी या, एवढेच. त्या म्हणाल्या, "रोज माहा हात धरे. मले अक्षर येत नोतं म्हनून वाचली मी. येत असतं तं त्यानं मले सोडलं नसतं."

मी विचारले, मग माझ्याकडून सही काहून करवली. त्या म्हणाल्या, "मले वाटलं कागदाचं काम हाय, कागदावर राहीन. मी का जानून केलं, बाबू?" मग विचारले, लेकरू केवढे आहे. मी सांगितले, पावणेतीन महिन्यांचे. त्या कपबशी घेऊन आत गेल्या. मी अर्धा तास बसलो. त्या बाहेर आल्या नाहीत.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

ताबापावती जाळली. राख विहिरीजवळ पुरली. गिरवलेले रद्दी कागदही जाळले. मग कागद घेऊन माझे नाव लिहिले.

गुनवंत.

मंगळवार ते बुधवार इंदोऱ्याला राहून पाहिले. घर सुटते, हात सुटत नाही. तिथेही आईच्या रेशनकार्डाच्या मागे 'घरी या' लिहून ठेवले होते. आई म्हणाली, "कोनाले बोलावून राहिला गा?" घरातली लेकरे हसली. मी परत आलो. निदान इतक्या माणसांत हा हात नको.

सोमवार, ४ डिसेंबर

जीभ जड आहे. मधुकरराव म्हणाले, दारू सुरू केली काय. मी मान हलवली.

आज सुभद्राला पत्र टाकले. इतकेच लिहिले की मी सांगेपर्यंत येऊ नको, बाळाला आणू नको. सात ओळींना पाऊण तास लागला. प्रत्येक अक्षर बोटाखाली धरून काढले. तीन वेळा वाचले. पाकीट बंद केले आनि पेटीत टाकले. पेटीत पडल्याचा आवाज ऐकला.

वरच्या ओळीत ते झाले आहे. खोडत नाही. थकलो.

गुरुवार, ७ डिसेंबर

सुभद्राचे पत्र. जसेच्या तसे उतरवतो.

"तुमची तिन्ही पत्रे मिळाली. एवढे आग्रहाने तुम्ही लग्नानंतरही बोलावले नव्हते. शनिवारी दुपारच्या गाडीने बाळाला घेऊन येते, दादा सावनेरला बसवून देईल. आणि काय हो, मला पत्रात ण नाही म्हणून किती बोलायचे तुम्ही. आता तुमचाच ण कुठे गेला? का मला चिडवता? माझा बघा, किती छान आला."

तिचा ण खरेच छान आला आहे. गाठ नीट, काना सरळ.

तिन्ही पत्रे. मी एकच टाकले होते. ते तरी कोनते गेले?

शुक्रवार, ८ डिसेंबर

पत्र पोचनार नाही. तार करायला गेलो. फॉर्मवर हाताने लिहिले 'लवकर या'. फाडला. दुसरा. तोच. तारबाबूला तोंडाने सांगितले, जीभ वळली नाही. तो म्हणाला, शुद्धीवर या आनि मग या.

उद्या रजा. सावनेरची गाडी कोराडीवरून येते. थांब्यावर उभा राहीन, गाडीत चढून तिथेच थांबवीन. आईकडे नेईन. बोलता आले नाही तरी ओढून नेता येईल. एवढे तरी माझ्या अंगात आहे.

शनिवार, ९ डिसेंबर

कोराडीच्या थांब्यावर सकाळी नऊपासून उभा होतो. फार थकवा होता. बाकावर बसलो. वेळ लिहावी म्हनून वही काढली —

आता घरात आहे. कसा आलो माहीत नाही. ओसरीत. घड्याळात पावणेबारा. उजव्या हातात नवे कुलूप. चाबी त्याला लावलेली.

हे डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाईट, पण डाव्या हाताला ण अजून येतो. उजवा हात सुंभाने खांबाला बांधला, दाताने गाठ मारली. कुलूप पायाने लांब लोटले, पूर्ण गेले नाही.

बांधायच्या आधी डाव्या हाताने चिठ्ठी लिहून बाहेरच्या दाराला लावली. सुभद्रा, आत येऊ नको. आईकडे जा.

जीभ हलत नाही. ओरडता येत नाही.

रिक्षा थांबली.

ती आहे. बाळ कुरकुरते आहे. चिठ्ठी मोठ्याने वाचते आहे —

"आत या. मी मागच्या खोलीत आहे. झोपलो आहे आनि"

ती हसली. म्हणाली, अजून नाईच आला वाटते ण.

मी ते लिहिले नव्हते. मी पाहिले होते. मी दोनदा —

दार उघडले. खांबाआड मी तिला दिसलो नाही. ती सरळ मागे गेली. बाळाला म्हणते, चला, बाबाला उठवू. मी पाय आपटतो आहे. तिला वाटते मी आतून — सुंभ ढिला. गाठ — सुभद्रा, बाहेर ये, मी इथे आहे, मी गुणवं

सून आली. लेकरू बी आनलं. कडी लावली. लय रडून राहिलं, पन आता कोनी कुठी जात नाई. तिले म्हना पानी खिडकीतून