मामाचा फ्रॉक

दादा,

तुझी भाची हटून बसली आहे, मामाला थँक्यू लिही म्हणून. तेवढ्यासाठी पेन हातात धरलंय, नाहीतर तुझं तोंड बघायचीही इच्छा नाही.

तुझी किडनी तिला जुळत होती. आधी हो म्हणालास आणि आयत्या वेळी शेपूट घातलंस. एक वेळ तेही समजू शकते, भीती कुणाला वाटत नाही? पण वर शहाणपणा केलास, "पोर खुरटलेलीच राहणार, किडनी वाया जायची." ती दाराआड उभी होती, दादा. शेवटी सासूबाईंनी दिली. गुडघे धरून जिना चढणाऱ्या बाईने!

आणि आता, ऑपरेशनला दोन वर्षं झाल्यावर, वाढदिवसाला फ्रॉक पाठवतोस. माप विचारायची तसदी नाही. पोरीला बारावं लागलंय आणि फ्रॉक सात वर्षांच्या मुलीचा!

मी तो कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात तिने पळवला. खोलीतून बाहेर आली तेव्हा फ्रॉक खांद्यांवर अडकलेला, हात वर, तोंड आत, आणि आतून ओरडत होती, "आई, मला होत नाहीये!"

आजवर तिचे कपडे विटायचे, फाटायचे, पण लहान कधी झाले नव्हते.

आता फ्रॉक खुंटीवर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला अंगाशी धरून दाखवते. म्हणते, मामाची भेट सगळ्यात भारी.

ते थँक्यू तुला मिळू द्यायचं नाही, म्हणून हे पत्र टाकणार नाही. तिला मात्र सांगेन, पोचलं.

तिची आई