तुझ्या गुडघ्यांची चौकशी

थोरल्याच्या आईस आशीर्वाद,

मी ठणठणीत आहे. खोकला आता फक्त सकाळी येतो, काळजी नको. तू म्हणायचीस, "लोकांशी चार शब्द बोला, तोंड गंजेल." पण इथे शहरात कामाला आल्यावर इस्त्रीखान्यात चादरींवर इस्त्री फिरवताना काय बोलावं तेच सुचायचं नाही. चार महिने नुसती मान डोलावली.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या शिंप्याला तुझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचं सांगून टाकलं. माझ्याकडे दुसरं होतं काय? आता जो तो विचारतो, "काय आजोबा, आजींचे गुडघे काय म्हणतात?" धोबीण म्हणते, "चादर करपली बघा, जीव सगळा आजीत!" मग सगळे हसतात. मीही हसतो. बरं वाटतं.

पण तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. रोज काहीतरी सांगावं लागतं, म्हणून तू काठीशिवाय अंगणात फिरतेस असं सांगितलं. काल तर तू जिना चढलीस म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला पुढे जेवण गेलं नाही.

धाकटी सून औषध वेळेवर देते ना? चालता येत नसेल तर तसंच कळव. हात चालत नसेल तर तिच्याकडून लिहून घे. उद्या ते पुन्हा विचारतील. काय सांगू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
तुझा म्हातारा