शनिवारची बोट

३ जुलै २००६, सोमवार
नात मिनूचा शाळेचा प्रोजेक्ट: १९६० च्या सुमाराची अमेरिकेतली समान हक्कांची चळवळ. कार्टीनं तक्त्यावर मलाच बसवलंय. "माझे आजोबा धरण्याला बसणार होते, पण बोट सुटली." शुक्रवारी वर्गात जाऊन हे सांगायचं. दर गणपतीला सांगतो तोच किस्सा. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचे गणपती यंदा लवकर आले." सगळे हसले, मीही. जेवण गेलं नाही.

४, मंगळवार
वॉल्टर. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका बंदरात गोदीवर कामाला, मी तेव्हा मालवाहू बोटीवर. माझ्याच वयाचा, तेविशीचा. गावातलं हॉटेल दाखवायला आला. मला परदेशी खलाशी म्हणून टोस्ट-कॉफी मिळाली. त्याला काळा म्हणून बाहेर काढलं. मी खाल्लं. तो फुटपाथवर थांबला, का तर मला बोटीवर परत पोचवायचं कबूल केलेलं. वाटेत म्हणाला, शनिवारी आम्ही दहाजण त्याच काउंटरवर जाऊन बसणार, येशील? हो म्हटलं.
बोट सुटली रविवारी. शनिवारी दिवसभर मी इंजिन रूममध्ये पंप उघडून बसलो. पंपाला काही झालं नव्हतं. नोकरी जाईल, बहिणीचं लग्न ठरलंय... खरं म्हणजे माराची भीती वाटली.

५, बुधवार
पोट बिघडलं असं सांगून शुक्रवार टाळावा? ही जुनीच खोड.
संध्याकाळी इथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, मिनूला सांगून टाकलं. स्ट्रॉ चावत बसली. मग, "सो यू वर स्केअर्ड?" हो. इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "देन से दॅट लाह, आजोबा."
घरी येऊन तक्त्यावरच्या त्या ओळीवर कोरी पट्टी चिकटवली तिनं. रागावली नाही. मला रडू आलं.

७, शुक्रवार
सांगितलं. एका मलाय मुलीनं विचारलं, तुम्ही का नाही आलात ते वॉल्टरला कळलं का?
इतकी वर्षं स्वतःचीच लाज कुरवाळत बसलो. तो त्या हॉटेलच्या दारात माझी वाट बघत थांबला असेल, हे कधी मनातही आलं नाही. थांबणाराच माणूस होता तो.

११, मंगळवार
त्याचं आडनाव आठवतंय, त्याच्या चर्चचं नावही. मिनूनं नेटवर शोधलं. चर्च आहे अजून. तिथल्या पत्त्यावर आज पत्र टाकलं. तो असेल, नसेल. सकाळपासून हलकं वाटतंय, दोनदा पोहे मागून घेतले.
पत्राचं इंग्रजी मिनूनं नीट करून दिलं. पहिल्या वाक्याला मात्र हात लावू दिला नाही: त्या शनिवारी बोट बंदरातच होती.